दोन डोळ्यांचे दोन लाल

भिंगरीला कोणी खऱ्या नावाने हाक मारली, तर तो मागे वळून बघतो, की ही हाक नेमकी कोणाला आली. जन्मला तोच म्हणे सुईणीच्या हातातून निसटत. रांगण्याचं वय त्याने गाळलंच, एकदम पळायला लागला. शाळेत गुरुजींनी एकदा वैतागून त्याला दोरीने बाकाला बांधलं. मधल्या सुट्टीत हा पठ्ठ्या बाकासकट पटांगणात हजर! आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला मुलगा उगाच फुकटात फिरून आला. तेव्हापासून त्याचं नाव भिंगरी पडलं ते पडलंच.

मोठा झाला, लग्न झालं, तरी पायाची भिंगरी काही थांबली नाही. जेवायचं उभ्याने. पेपर वाचायचा चालता चालता. न्हावी त्याची दाढी करायला बसला, म्हणजे बसायचा न्हावीच, कारण अर्धी दाढी झाली की हा साबण लावलेल्या तोंडाने समोरच्या दुकानात कशाची गर्दी झालीय ते बघून यायचा. बायको म्हणायची, "यांचा फोटो काढायचा तर झोपेतच काढावा लागतो. आणि तोही हललेला येतो."

धंदा मात्र त्याने निवडला तो नेमका स्थिर हाताचा. गाड्यांना रंग देण्याचा. पत्र्याचं छप्पर असलेलं एक गॅरेज, त्यात पुढच्या भागात मिस्तरी चेपलेले पत्रे ठोकून सरळ करायचा आणि मागच्या खोलीत भिंगरी त्यांना रंग द्यायचा. मिस्तरी अंगाने आडवा, स्वभावाने संथ, आणि आयुष्यभर हातोडा चालवून कानाने जरा जड झालेला. दोघांची जोडी म्हणजे एक बैल आणि एक माकड एकाच गाडीला जुंपल्यासारखी, पण गाडी चालायची झकास.

आता या रंगकामात भिंगरीचा एक हट्ट होता. जुन्या गाडीचा एखादाच भाग रंगवायचा असतो तेव्हा नवा रंग जुन्याशी जुळवावा लागतो. बाकीचे रंगारी काय करतात, एका पुठ्ठ्यावर रंगाचा हात मारतात, तो वाळू देतात, मग गाडीशेजारी धरून बघतात. भिंगरीला पुठ्ठा वाळेपर्यंत थांबणं म्हणजे तुरुंगवास. तो गाडी आली की उन्हात उभी करायचा, डावा डोळा मिटायचा, उजव्याने तिला निरखून घ्यायचा, आणि तो रंग डोक्यात घेऊन मागच्या खोलीत जायचा. तिथे डब्यातून थेंब थेंब घालत, उजव्याच डोळ्याने बघत बघत, डोक्यातल्या रंगाला गाठायचा. ज्या उस्तादाकडे तो शिकला, त्यानेच ही खोड लावली होती. उस्ताद म्हणायचा, दोन्ही डोळे उघडे ठेवलेस तर ते एकमेकांना सांभाळून घेतात, साक्ष एकाचीच काढावी. भिंगरीने उजव्याला साक्षीला बसवला आणि डाव्याला जन्माची सुट्टी दिली.

तर एक दिवस दाताच्या डॉक्टरीणबाईंची लाल गाडी आली. एका बाजूचं दार खांबाला घासून पार चेपलं होतं. भिंगरीने गाडी उन्हात बघून घेतली, मिस्तरीने दार काढून ठोकायला घेतलं. पत्रा हट्टी निघाला, ठोकणं बरंच लांबलं.

याच दिवसांत भिंगरीचा उजवा डोळा दुखायला लागला. साधा नाही, फिरवला की दुखायचा. आणि हा माणूस तर नजर एका जागी ठेवेल तेव्हा ना! इकडे बघ, तिकडे बघ, दर वेळी डोळ्याच्या मागून कोणी दोरा ओढल्यासारखं व्हायचं. त्याने ठरवलं, थिनरचा वास चढलाय. खिडकी उघडली. मग ठरवलं, वारा लागलाय. खिडकी लावली. मग एका पायावर उभा राहून म्हणाला, "मिस्तरी, तुझ्या ठोकण्याने माझं डोकं उठलंय, त्याचीच कळ डोळ्यात येते."

"काय म्हणालास?" मिस्तरी म्हणाला.

"काही नाही. ठोक."

दार तयार होऊन मागच्या खोलीत आलं. भिंगरी रंग कालवायला बसला, म्हणजे उभा राहिला. आणि त्या दिवशी रंग काही केल्या चढेना. लाल घातला, फिका. आणखी घातला, तरी मेल्यासारखा. त्याने दुकानदाराला फोन करून यथेच्छ फैलावर घेतलं, की डब्यात लाल भरलाय की विटांचा चुरा. डोक्यात ती उन्हातली गाडी लखलखीत होती, आणि डोळ्यासमोरचा रंग तिच्या जवळपासही येत नव्हता. शेवटी एकदाचा त्याच्या मनासारखा झाला. दाराला त्याने असा एकसंध हात दिला, की मिस्तरीही हातोडा ठेवून बघायला आला. बघितलं. पुन्हा बघितलं.

"काय झालं?" भिंगरी म्हणाला.

"काही नाही. जरा भडक वाटतंय."

"तुला कान नाहीत, आता डोळ्यांचंही सुरू झालं का? वाळला की बसेल."

दार गाडीला बसवलं, डॉक्टरीणबाई आल्या. बाई स्वभावाने मोकळ्या, पण बोलणं म्हणजे थेट नसेवर टोचणारं. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "भिंगरीशेठ, हे दार लग्नाला निघालंय वाटतं? ओठांना लाली लावून?"

"बाई, नवा रंग आहे. नवा म्हटला की..."

"मी लोकांना दात बसवते. शेजारचे सगळे दात एका रंगाचे आणि मी मधेच एक पांढराफटक बसवला, तर तुम्ही मला सोडाल का?"

भिंगरीने डावा डोळा मिटला, उजव्याने दार बघितलं, शेजारचा पत्रा बघितला. दोन्ही सारखेच! तसेच फिके, तसेच विटके. त्याने पाय आपटला. "बाई, मी शपथेवर सांगतो, एक आहे रंग!"

बाईंनी मिस्तरीकडे बघितलं. मिस्तरीने छपराकडे बघितलं.

"परवा येते," बाई म्हणाल्या. "तोपर्यंत या नवरीची समजूत घाला."

त्या गेल्यावर भिंगरीची घालमेल बघण्यासारखी होती. गाडीभोवती फिरतोय, आत जातोय, बाहेर येतोय. धूळ उडाली आणि नेमकी उजव्या डोळ्यात गेली. त्याने डोळा गच्च मिटून चोळला, आणि तो चोळत असताना सुट्टीवरच्या डाव्या डोळ्याने सहज गाडीकडे बघितलं.

दार अक्षरशः ओरडत होतं.

तो जागच्या जागी उभा राहिला. भिंगरी उभा राहिला म्हणजे काय झालं असेल ते समजा! त्याने उजवा उघडला, डावा मिटला. सगळी गाडी सारखी, पावसात भिजून सुकलेल्या विटेसारखी. डावा उघडला, उजवा मिटला. गाडी लाल, दार तांबडंभडक. कोपऱ्यात पडलेलं लाल फडकं उचललं. डाव्याला लाल. उजव्याला जणू कोणी त्यात दूध ओतलंय. आणि मधोमध जरासं धुकं, पुसू म्हटलं तर पुसलं न जाणारं.

इतकी वर्षं ज्या डोळ्याची साक्ष खरी मानली, तोच फितूर झाला होता.

आता शहाणा माणूस काय करेल? दवाखान्यात जाईल. भिंगरीने काय केलं? तो गेला चष्म्याच्या दुकानात. का, तर तिथे रांग नसते. चष्मेवाल्याने भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. भिंगरीने मोठ्या ओळी धडाधड वाचल्या, बारीक ओळीपाशी अडखळला. "वय झालं की होतं," चष्मेवाला म्हणाला, "नंबर थोडा वाढलाय, काच बदलू." रंगाचं भिंगरीने काही सांगितलं नाही, आणि चष्मेवाल्याने विचारायचं कारण नव्हतं. हा स्वतःवर खूश होऊन, शीळ घालत घरी आला. नंबर वाढलाय! एवढंच!

पण घरात बायको होती. तिने चहाचं भांडं त्याच्या हातात दिलं आणि स्वतः बिस्किटांचा डबा शोधायला वळली. मागे वळून बघते तर हा चहा कपाच्या शेजारी ओततोय. थोडा नाही, धार धरून.

"अहो! कप इकडे आहे!"

"माहितीये मला."

"मग टेबलाला तहान लागली होती का?"

तो फडकं आणायला पळाला तो दाराच्या चौकटीला खांदा आपटून. तिने त्याचा हात धरून खुर्चीवर दाबून बसवलं. तिच्याशिवाय हे जगात कोणाला जमत नसे.

"खरं सांगा. काय होतंय?"

"नंबर वाढलाय."

"नंबर वाढलेला माणूस डोळे मिचकावत गॅसच्या केशरी नळीकडे बघत बसत नाही. सकाळपासून बघतेय मी. एक डोळा मिटता, दुसरा मिटता. कोणाला खुणावताय?"

मग त्याने सांगून टाकलं. चेपलेल्या दारापासून उडालेल्या धुळीपर्यंत. ती उठली, कपाटातून आपला लाल स्वेटर काढून त्याच्यासमोर धरला.

"डावा मिटा. कोणता रंग?"

"विटकरी."

"विटकरी? मी हा विकत घेतला तेव्हा तुम्हीच म्हणालात, हा घालून रस्ता ओलांडू नको, गाड्या थांबतील!" तिने स्वेटर पिशवीत कोंबला. "चला. आत्ताच्या आत्ता."

"परवा डॉक्टरीणबाई गाडीला येणार आहेत. दार घासून पुन्हा रंगवायचंय. ते झालं की..."

"दाराला एकच काम आहे, उघडायचं आणि लावायचं. तुमचा डोळा गेला तर तो उघडून काय करणार आहात?"

मोठ्या दवाखान्याच्या डोळ्यांच्या विभागात भिंगरीने बाकावर बसून घेतलं नाहीच. त्याने भिंतीवरचे सगळे फलक वाचले, पाण्याच्या नळाची गळती बघितली, एका आजोबांची काठी शोधून दिली, दुसऱ्या आजोबांना चुकून तिसऱ्याच खोलीत नेऊन सोडलं. नंबर आला तेव्हा बायकोला त्याला जिन्यावरून धरून आणावं लागलं.

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण होत्या, बोलायला शांत. त्यांनी अक्षरं वाचायला लावलीच, पण तिथे थांबल्या नाहीत. डोळा फिरवल्यावर दुखतं का विचारलं. दुखतं म्हणाला. मग टेबलावरच्या औषधाच्या बाटलीचं लाल झाकण काढून त्याच्यासमोर धरलं. "आधी डाव्याने बघा. हा लाल शंभर टक्के समजा. आता उजव्याने. किती टक्के उरला?"

भिंगरीने रंगाच्या बाबतीत आयुष्यात कधी असा घाबरून हिशेब केला नव्हता. "अर्धासुद्धा नाही, डॉक्टर."

त्यांनी खोलीत अंधार केला आणि बॅटरीचा उजेड एका डोळ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर असा फिरवला. बायको बाजूलाच उभी होती, तिलाही त्यांनी दाखवलं. डाव्यावर उजेड पडला की बाहुली आकसायची. तोच उजेड झटकन उजव्यावर नेला की आकसायच्या ऐवजी बाहुली हळूच मोठी व्हायची, जणू कोणी दिवा लावलाच नाही.

"डोळा धडधाकट आहे," डॉक्टर म्हणाल्या. "भिंग, पडदा सगळं ठीक. पण डोळ्याने बघितलेलं मेंदूपर्यंत घेऊन जाते ती नस सुजली आहे. म्हणून चष्म्याच्या तपासणीत फारसं कळलं नसणार. दुखणं, रंग उडणं, ही तिचीच लक्षणं."

"मग थेंब द्या."

"थेंब तिथवर पोचत नाहीत. आज भरती व्हा. शिरेतून स्टिरॉइडचं औषध काही दिवस द्यावं लागेल, रक्त तपासायचं, आणि मेंदूचा एमआरआय. ही सूज का आली ते शोधलंच पाहिजे, कारण कधी कधी मेंदूच्या आजाराची ती पहिली खूण असते."

"अन् चार दिवस थांबलो तर? एक दार आहे फक्त."

"बऱ्याच जणांची नजर पुष्कळशी परत येते. पण यातला एक प्रकार असा आहे, की त्यात उशीर झाला तर गेलेली नजर गेलीच. तुमचा कोणता, ते आज मला माहीत नाही. म्हणून थांबायचं नाही."

यावर भिंगरीने मान डोलावली, भरतीच्या खिडकीपाशी बायकोला उभं केलं, "पाणी पिऊन आलोच" म्हणाला, आणि गेला तो गेलाच.

कुठे गेला असेल? गॅरेजमध्ये. वाटेत त्याचे विचार पायांपेक्षा जोरात पळत होते. डोळा गेला तर? रंगाऱ्याचा डोळा गेला तर तो काय, नुसता माणूस? आणि मेंदूचा आजार म्हणजे काय? हात थरथरायला लागतात तसं? पलंगावर पडून राहणं? पडून राहणं या शब्दानेच त्याला धाप लागली. निदान हे एक दार नीट करू, मग काय व्हायचं ते होऊ दे. त्याने दार उतरवलं, लाल कालवायला घेतला, उजवा डोळा मिटून डाव्याने बघायला लागला. पण डाव्याला या कामाची सवयच नाही. थेंब डब्यात पडायचा तो काठावर पडायचा. चमचा कलंडला, लाल रंग बुटावर सांडला. तो तसाच ढवळत राहिला.

मिस्तरी दारात येऊन उभा राहिला. "तुझी बायको फोन करतेय. मी नीट ऐकलं ते बरोबर का? तुझ्या डोक्यातली वायर सुजलीय?"

"नस."

"मग इथे काय करतोयस, लेका?"

"दार."

मिस्तरीने एक पाऊल पुढे टाकलं आणि त्याच्या हातातला डबा काढून घेतला. त्या जोडगोळीत इतक्या वर्षांत मिस्तरीने पहिल्यांदा भिंगरीपेक्षा जलद काही केलं असेल. "मला ऐकू येईनासं झालं तेव्हा मी आज जाऊ उद्या जाऊ म्हणत राहिलो. तू माझी चेष्टा करायचास, मी हसायचो. मला आता माझ्या नातीचं गाणं ऐकू येत नाही, आणि ते मी कोणाला सांगितलेलं नाही. तुला सांगितलं. चल."

एवढ्यात गाडी कुठवर आली ते बघायला डॉक्टरीणबाई येऊन ठेपल्या. मागोमाग रिक्षातून बायको उतरली, रागाने लाल, आणि तो लाल भिंगरीला दोन्ही डोळ्यांनी व्यवस्थित दिसला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. दार गाडीला टेकवून उभं होतं, त्याकडे बोट दाखवून मिस्तरीला म्हणाल्या, "ते बसवा. भडक तर भडक. माझ्याच गाडीतून जाऊ."

"बाई, लोक हसतील," भिंगरी पुटपुटला.

"हसू दे. लोकांचे दात बघायला मिळतील मला."

तर असा भिंगरी त्याच भडक दाराच्या गाडीतून दवाखान्यात परत आला. बायकोने वाटभर त्याचा शर्ट मुठीत धरला होता.

भरती झाला, हाताला सुई लावली. आणि मग एमआरआय. यंत्र म्हणजे एक अरुंद पाइप, त्यात माणसाला सरकवायचं, आणि त्याने जराही हलायचं नाही. हे ज्याने शोधून काढलं त्याने भिंगरीला डोळ्यांसमोर ठेवलं नसावं. यंत्र सुरू झालं आणि असा आवाज, जणू आत दहा मिस्तरी ठोकतायत. भिंगरीने मान वर करून बघितलं, की कोण आहे.

"हललात!" बाहेरून यंत्रचालक ओरडला. "पुन्हा!"

पुन्हा सुरू केलं. नाकाला खाज आली.

"हललात!"

पुन्हा. पायाला मुंग्या.

"अहो, फोटो धूसर येतोय. तुम्ही काय नाचायला आलाय का?"

तेव्हा बायको पुढे झाली. "मी आत थांबले तर चालेल?" यंत्रचालकाने तिला बांगड्या, पिना, मोबाईल सगळं काढून ठेवायला लावलं, कानांत बोळे दिले आणि आत घेतलं. ती भिंगरीच्या पायांशी उभी राहिली आणि तिने त्याच्या पायाचा अंगठा धरला. तो जरा चाळवला की चिमटा. पुन्हा चाळवला की जास्त मोठा चिमटा. आत भिंगरीला तिचा चेहरा दिसत नव्हता, आवाज ऐकू येत नव्हता, नुसता तो अंगठा कोणाच्या तरी मुठीत आहे एवढं कळत होतं. आणि एका चिमट्यानंतर पुढचा चिमटा आलाच नाही. मूठ मात्र थरथरायला लागली. त्याच्या लक्षात आलं, ही रडतेय. त्याला उठून बसावंसं वाटलं, पाइपातून सरपटत बाहेर यावंसं वाटलं. पण हललो तर पुन्हा पहिल्यापासून, आणि ती तेवढा वेळ पुन्हा अशीच उभी राहणार. म्हणून तो हलला नाही. शेवटपर्यंत.

"हा आला बघा फोटो," यंत्रचालक म्हणाला. "आधीच हे का नाही केलंत?"

फोटोत नस सुजलेली दिसली, आणि मेंदूत एक-दोन पांढरे ठिपके. रक्ताच्या तपासणीत तो उशीर न चालणारा प्रकार निघाला नाही, पण ठिपके होतेच. मेंदूच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं. शरीराची राखण करणारी फौज कधी कधी आपल्याच नसांवर उलटते, तसं झालंय. पुन्हा होईल का, कधी, कुठे, सांगता येत नाही. लवकर कळलंय, म्हणून औषध लवकर सुरू करता येतं, पुढचे झटके टळायची शक्यता पुष्कळ वाढते. औषध घेत राहायचं, तपासणी चुकवायची नाही, आणि नवं काही वाटलं तर वाट बघायची नाही.

"म्हणजे आयुष्यभर टांगती तलवार," भिंगरी म्हणाला.

"तलवार नाही. सोबत," डॉक्टर म्हणाले. हे वाक्य भिंगरीला अजिबात आवडलं नाही, आणि त्याने ते घरी येऊन चार जणांना सांगितलं.

शिरेतल्या औषधाने तोंड गोड-कडू झालं, झोप उडाली, आणि आधीच अस्वस्थ माणूस आणखी अस्वस्थ झाला. पण रोज सकाळी बायको तो स्वेटर धरायची. आधी विटकरी. मग मातकट लाल. मग एका सकाळी भिंगरी म्हणाला, "आता रस्त्यावरच्या गाड्या जरा हळू होतील." ती हसली आणि स्वेटर त्याच्या डोक्यावर फेकला. लाल परत आला. सगळा नाही. डाव्यापेक्षा एक पायरी मागेच राहिला, आणि तो तिथेच राहणार हेही कळलं.

गॅरेजमध्ये आता पुठ्ठा आला. भिंगरी पुठ्ठ्यावर हात मारतो, वाळेपर्यंत पाच-सहा फेऱ्या मारतो, मग डाव्या डोळ्याने बघतो आणि वर मिस्तरीलाही विचारतो. डॉक्टरीणबाईंचं दार त्याने याच रीतीने पुन्हा करून दिलं. बाईंनी बोट फिरवून बघितलं आणि "आता हा दात घरचा वाटतो" म्हणाल्या. मिस्तरी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आला, कानात यंत्र बसवून आला, आणि भिंगरी त्याच्या पाठीमागे काय काय बोलतो ते त्याला आता समजायला लागलं. त्यावरून दोघांचं आठवडाभर वाजलं.

मग उन्हाळ्याचे दिवस आले. पत्र्याखाली नुसती भट्टी. एका टॅक्सीवाल्याच्या गाडीचं बॉनेट भिंगरी रंगवत होता. टॅक्सीवाला बाहेर उभा राहून घाई करत होता, की गाडी आजच हवी. बॉनेट रंगवताना मधे थांबायचं नसतं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एका दमात गेलं पाहिजे, नाहीतर मधोमध रेघ उमटते आणि सगळं काम वाया. भिंगरी निम्म्यावर आला होता, आणि उजव्या डोळ्यापुढे तेच धुकं आलं.

त्याने फवारा थांबवला. उजवा मिटला, डावा उघडला. डावा मिटला, उजवा उघडला. धुकंच.

त्याने स्प्रे गन खाली ठेवली.

"ओ!" टॅक्सीवाला ओरडला. "अर्धं कुठे टाकून चाललात?"

"दवाखान्यात."

"आधी उरलेलं मारा! दोन मिनिटांचं काम आहे!"

"आलोच," भिंगरी म्हणाला, आणि मास्क गळ्यात तसाच लटकवून रस्त्यावर धावत सुटला. घरी जाऊन बायकोला घेऊ, असंही त्याच्या मनात आलं नाही. वाटेत फक्त तिला फोन लावून म्हणाला, "मी जातोय. तू ये."

दवाखान्याच्या गार खोलीत, पंख्याखाली थांबला असताना धुकं हळूहळू विरलं. डॉक्टरांकडे आत गेला तेव्हा जवळजवळ उरलंच नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाल झाकण बघितलं, उजेड फिरवून झाला, अक्षरं वाचून झाली. डॉक्टर म्हणाल्या, नवं काही नाही. ज्या नसेला एकदा मार बसलाय, ती अंग फार तापलं की तात्पुरती दमते, गार झालं की पुन्हा चालू लागते. पंखा लावा, पाणी प्या, मधे मधे बाहेर या.

"उगाच धावत आलो," भिंगरी म्हणाला. बुटांवर रंगाचे ठिपके होते, ते तो लपवायला बघत होता.

"हे धुकं असलं की तसलं, ते तुम्ही घरी बसून कसं ठरवणार होतात?" डॉक्टर म्हणाल्या. "पुढच्या वेळीही धावतच या."

दाराशी बायको उभी होती, धापा टाकत. तिने त्याचा चेहरा बघितला आणि भिंतीला टेकून बसली. तोही तिच्या शेजारी बसला. किती वेळ कोण जाणे, पण बसला.

गॅरेजवर परत आला तेव्हा बॉनेटवर मधोमध जाडजूड रेघ वाळून बसली होती. टॅक्सीवाला त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढत होता. मिस्तरीने कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं होतं आणि शांतपणे मान डोलावत उभा होता.

"सगळं घासावं लागेल," भिंगरी बॉनेटवर हात फिरवत म्हणाला.

"उद्या घास," मिस्तरी म्हणाला.

"आज घासतो." त्याने मोठा दरवाजा सताड उघडला, पंखा ओढून आणला, बादली भरली, आणि पॉलिशपेपर पाण्यात बुडवून कडेपासून घासायला लागला.